पोर्तुगीजमधला भर कुठे पडतो?

संपादक महोदय,

पुरवणीतला परदेशी भाषांवरचा लेख वाचला, छान होता, पण पोर्तुगीजमध्ये भर (म्हणजे शब्द उच्चारताना एका अक्षरावर दिलेला जोर) नेहमी शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो हे वाक्य वाचून थांबलो. बहुतेक वेळा येतो हे खरं, पण क्रियापदांत तेवढ्यावर भागत नाही. साधं बघा, फा-ला-रांव, यात 'ला'वर भर दिला तर 'ते बोलले' आणि 'रांव'वर दिला तर 'ते बोलतील'. म्हणजे उच्चार जवळपास तोच, नुसत्या भराने भूतकाळाचा भविष्यकाळ! लिहिताना शेवटाचं स्पेलिंग वेगळं असतं म्हणून वाचणारा वाचतो, ऐकणाऱ्याची मात्र पंचाईत.

'फा-ला-व-मुश' (आम्ही बोलायचो) यात भर शेवटून तिसऱ्यावर. आणि खरी गंमत सर्वनाम चिकटलं की. 'लो-वा-व-मु-लु' म्हणजे आम्ही त्याची स्तुती करायचो, इथे 'मुश'मधला 'श' गळतो, 'लु' जोडला जातो, पण भर आपला 'वा'वरच ठाण मांडून, म्हणजे शेवटून चौथा! भविष्यकाळात तर सर्वनाम थेट क्रियापदाच्या पोटात शिरतं, ब्राझीलच्या बोलण्यात हे आता जवळपास नाहीच म्हणा, पोर्तुगालमध्येही औपचारिक लिखाणातच जास्त.

अजून एक, ओळ संपताना शब्द नेमका सर्वनाम जोडणाऱ्या हायफनवर तुटला तर पुढच्या ओळीच्या सुरुवातीला तो हायफन परत द्यायचा, असं पोर्तुगीज भाषक देशांच्या शुद्धलेखनाबद्दलच्या 1990 च्या करारात आहे. मला आधी ती छपाईची चूकच वाटायची.

आपला,
एक वाचक