तांडेल काका, आमची नाव आता जागची हलत नाही

आदरणीय तांडेल काका,

साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही ‘अरे, त्यात काय’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितो आहे. गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरवर आणि आसपासच्या तलावांवर आमचे कितीतरी ढिवर बांधव अजून दोराला गोटा बांधून नाव उभी करतात. त्यांच्याही नजरेस हे पडावं.

आम्हीही तेच करायचो. गेल्या मे महिन्यात अंभोऱ्याच्या खाली बाबा एकटेच जाळं काढत होते. दुपारी चारच्या सुमारास वारा सुटला. पंधरा किलोचा गोटा तळावरून नुसता फरफटत गेला आणि नाव आडवी होऊन बुडीत बाभळींवर आदळली. जाळं फाटलं, ते परत विणता येतं. पण खोड आणि नावेची कड यांच्यात सापडून बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं चेचली. दवाखान्यात ते मला एवढंच म्हणाले, “गोटा धरूनच नाही राह्यला रे.”

दुसऱ्याच दिवशी मी इतवारीत लोहाओळीत गेलो आणि दुकानदाराकडे चाळीस किलोचं लोखंड मागितलं. तुम्ही शेजारी झोपाळ्याच्या कड्या बघत उभे होतात. “कशाला हवं एवढं?” तुम्ही विचारलंत. मी सांगितलं, तर म्हणालात, “वजनानं नाव धरायची तर मासळी कुठे ठेवणार? नांगर वजनानं धरत नाही, रुतून धरतो.” जन्मभर रत्नागिरीच्या किनाऱ्यावर होडी हाकलेला माणूस लेकीकडे नागपुरात येऊन राहतो आणि नेमका त्या दिवशी त्या दुकानात भेटतो, याला मी काय म्हणू!

तुम्ही मला लगेच काही विकत घेऊ दिलं नाहीत. आधी विचारलंत, “तळ कसला आहे?” मला सांगता आलं नाही. तुम्ही म्हणालात, वडिलांशी बोलायचंय. त्या संध्याकाळी बाबा हाताला पट्टी बांधून फोनवर तासभर तुमच्याशी बोलत होते. धरणाचं भूमिपूजन 1988 चं, पाणी चढलं ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी. त्याआधीची सगळी जमीन बाबांनी पायांनी तुडवलेली आहे. इथे काळी कसदार जमीन होती, इथे बांधावर बाभळी, तिकडे मुरमाचं टेकाड, पलीकडे विहीर. तुम्ही एकेक जागा विचारत गेलात आणि ते सांगत गेले. आमच्या घरात बाबांचं हे ज्ञान आजवर कुणी असं विचारून घेतलं नव्हतं. मीसुद्धा नाही. या एका गोष्टीसाठी तुमचे आभार बाकी सगळ्यांआधी मानतो.

त्यावरून ठरलं की नांगर एक नाही, दोन लागतील. काळ्या मातीसाठी रुंद पात्यांचा, साधारण चार किलोचा. बाभळींच्या पट्ट्यासाठी साध्या सळईचे चार गळ वाकवून केलेला, जो अडकलाच तर जोरानं ओढल्यावर गळ सरळ होऊन सुटेल. हा दुसरा मी हिंगण्याच्या कारखान्यात, सुटी झाल्यावर, स्वतः वेल्डिंग करून केला. जाड सळई घेतली होती ती तुम्ही बदलायला लावलीत, “हा वाकला पाहिजे, हेच त्याचं काम.”

दोराचं गणित मात्र मला रात्रभर झोपू देईना, इतकं ते सोपं आणि इतकी वर्षं आम्हाला न सुचलेलं. नांगराला आडवं ओढलं तर तो आत जातो, वर ओढलं तर सुटतो. शेतातल्या नांगराचा फाळ जसा तिरपा राहिला तरच जमीन धरतो, तसंच. आम्ही सहा मीटर पाण्यात आठ मीटर दोर सोडायचो, म्हणजे बराच उभा. तुम्ही म्हणालात, वाऱ्यात खोलीच्या सातपट सोड, आणि खोली पाण्यापासून नाही, नाळेपासून, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकापासून मोज. सहा आणि अर्धा, साडेसहा मीटर. साताने गुणलं तर 45 मीटरच्या वर. नांगराजवळ तीन मीटर साखळी, म्हणजे ओढ तळालगत राहते. दोर 12 मिलिमीटरचा नायलॉनचा, कारण तो ताणतो आणि लाटेचा हिसका गिळतो. स्वस्तातला तरंगणारा दोर मी हातात घेतला होता, तो तुम्ही परत ठेवायला लावलात. पाणी चढलं की तेवढाच दोर अपुरा पडतो, हेही तुम्ही बजावलंत. गोसीखुर्दची 33 दारं कधी उघडतात, कधी बंद होतात, त्यावर आमची पातळी हलते. आता बाबा मुक्कामाला नाव लावली की आधी काठावरची खूण बघतात.

बसवायच्या दिवशी तुम्ही गुडघे दुखत असताना आमच्या अंगणात दोन तास उकिडवे बसलात. नांगराचा दोर बांधायचा खुंटा मी नावेवर स्क्रूने ठोकला होता. तुम्ही पायाने एक धक्का दिलात आणि तो हलला. मग आरपार बोल्ट, खाली मरीन प्लायचा तुकडा, मोठे वॉशर. समुद्रात खाऱ्या पाण्यामुळे चांगलं स्टील लागतं, पण इथे गोड्या पाण्यात गॅल्व्हनाइज्ड चालेल, असं सांगून तुम्ही आमचे पैसेही वाचवलेत. शॅकलची, म्हणजे साखळी जोडणाऱ्या कडीची, पिन तारेने बांधलीत. दोर जिथे कडेवर घासतो तिथे पाण्याच्या पाइपचा चिरलेला तुकडा चढवलात. आणि बाबांना, फक्त बाबांना, हात धरून सांगितलंत की दोर मागून कधीही बांधायचा नाही. मागची बाजू बसकी, लाट तिथूनच आत येते. बाबा आयुष्यभर मागूनच बांधत आले होते, काका. त्या दिवसापासून पुढून बांधतात.

जूनमध्ये एकदा रात्री तसाच वारा आला. बाबांनी सगळा दोर सोडला आणि काठावरच्या झाडाशी नजर लावून बसले. नाव फिरली, वाऱ्याला तोंड करून उभी राहिली आणि सकाळपर्यंत तिथेच होती. पहाटे त्यांनी मला फोन केला आणि पहिला प्रश्न केला, “तांडेल उठले असतील का?”

सळईचा नांगर परवा बाभळीत अडकला होता. ओढल्यावर दोन गळ सरळ झाले आणि तो निघाला. बाबांनी ते घरी आणून हातोडीने परत वाकवले, पण एक गळ मला थोडा तिरका वाटतो. तुम्ही बघून द्या.

रविवारी पहाटे साडेपाचला गाडी घेऊन येतो. आईने मरळ राखून ठेवायला सांगितलं आहे. ताईंनाही घेऊन या.

तुमचा,
अंभोऱ्याच्या नावेवाल्याचा मुलगा
नागपूर