बाई, तुम्ही माझी वही कपाटावर ठेवलीत त्याबद्दल

आदरणीय बाई,
सविनय नमस्कार.

तुमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा परीक्षेची वही छातीशी धरूनच आले होते. भूप राग म्हणजे थाट कल्याण, मध्यम-निषाद वर्ज्य, जाती औडव-औडव (चढताना-उतरताना पाचच सूर), वादी म्हणजे मुख्य सूर गंधार, संवादी म्हणजे त्याच्या खालोखालचा धैवत, वेळ रात्रीचा पहिला प्रहर. झोपेतून उठवलं असतं तरी घडाघडा म्हटलं असतं. तुम्ही म्हणालात, "छान. आता गा."

मी चार आलाप घेतले. तानपुऱ्यावरचा हात न थांबवता तुम्ही म्हणालात, "सकाळ झाली की गं. हा देशकार झाला."

मला ते पटलंच नाही. देशकार सकाळचा राग खरा, पण सूर तेच पाच, एकही चुकलेला नाही! मग तुम्ही माझाच आलाप मला गाऊन दाखवलात. मी दर वेळी धैवतावर, म्हणजे देशकाराच्या वादीवर, जाऊन बसत होते, आणि गंधारावरून नुसती घसरत होते. वादी गंधार हे मी शंभरदा लिहिलं होतं, पण गळ्याला त्याचा पत्ताच नव्हता.

त्या दिवशी वही कपाटावर गेली. तीन आठवडे नुसते सा, रे, ग. "गंधारावर घरी आल्यासारखं वाटलं पाहिजे. धैवताला फक्त शिवून ये," एवढंच तुम्ही सांगायचात.

थाट, म्हणजे रागांचे गट, कशावरून ठरतात हा प्रश्नही तेव्हाच सुटला. कल्याण आणि बिलावल या थाटांत फरक एका मध्यमाचा. भूपात आणि देशकारात तर मध्यमच नाही. तरी थाटांची मांडणी करणाऱ्या पंडित विष्णु नारायण भातखंड्यांनी भूप कल्याणात घातला आणि देशकार बिलावलात. नुसते सूर मोजून हे ठरत नाही, ते रागाच्या चालीवरून ठरतं. वकिली सोडून, गावोगाव हिंडून, गवयांकडून बंदिशी ऐकून त्यांनी त्या लिहून घेतल्या. आधी गाणं होतं, मागून पुस्तक आलं. हे मला कुठल्याच परीक्षेने सांगितलं नव्हतं, आणि याचं मला अजून वाईट वाटतं.

मग मला उलटीच हवा लागली. नियम नकोतच म्हणून एकदा भूपात निषाद लावला. तुम्ही तानपुरा थांबवलात. रागावला नाहीत. विचारलंत, "हा निषाद सुचला की सुटला?" पुन्हा गायला लावलात, तेव्हा मला तो कुठून आला तेच सापडेना. सुटलाच होता. त्यानंतर कितीतरी दिवसांनी एकदा 'ग प ध प ग' अशी जाऊन मी रिषभावर जरा जास्त रेंगाळले, तेव्हा तुम्ही काहीच बोलला नाहीत, फक्त मान हलवलीत. ती जागा माझी होती, बाई. वहीत नव्हती आणि भूपाबाहेरही नव्हती.

आता रविवारी दोन मुली माझ्याकडे शिकायला येतात. थोरली वही घेऊन येते. ती वही मी कपाटावर ठेवते, आणि दर वेळी तुमची आठवण येते.

गुरुपौर्णिमेला येते आहे. भूपच गाईन. धैवतावर जास्त थांबले तर पूर्वीसारखं बोट वर करा.

तुमची विद्यार्थिनी