हौदांच्या जागी पाट्या तरी लावा

महोदय,

वारसा सप्ताहाच्या निमित्ताने आपल्या अंकांत जुन्या वाड्यांविषयी बरेच वाचायला मिळाले. शनिवारवाडा झाला, विश्रामबागवाडा झाला. पण पेठांमधल्या माणसांना पाणी कुठून मिळायचे, याबद्दल अवाक्षर नाही. वाडे बघायला पर्यटक येतात. हौदाचे कौतुक कोणाला!

अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला बंधारे घालून तळी बांधली आणि तिथून जमिनीखालून पक्का नळ थेट शनिवारवाड्यापर्यंत आणला. ना मोट, ना रहाट. निव्वळ उतारावर पाणी गावात यायचे. गाळ काढायला माणसाला आत उतरता यावे, एवढा तो नळ मोठा. कोंडलेली हवा बाहेर पडावी म्हणून जागोजागी उच्छ्वास बांधलेले. वाटेतल्या पेठांत हौद होते आणि बायाबापड्या तिथून घागरी भरून न्यायच्या. आज कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात मुलांना घेऊन जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असते, की समोरच्या तळ्यावर कधीकाळी अर्धे पुणे तहान भागवत होते? फडके हौद, बदामी हौद, नाना हौद ही नावे आता रिक्षावाल्याला पत्ता सांगण्यापुरती उरली आहेत.

मात्र या पाण्याचा इतिहास नुसता कौतुकाचा नाही. हौद पेठेचा असला, तरी तो पेठेतल्या प्रत्येकाचा नव्हता. अस्पृश्य ठरवलेल्यांना सार्वजनिक पाणवठ्याला शिवायची मुभा नव्हती. म्हणूनच 1868 मध्ये जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद त्यांना खुला केला, तेव्हा गावात केवढी खळबळ उडाली असेल! आपण मुलींच्या शाळेची आठवण काढतो, ती काढायलाच हवी. पण ज्या काळी घोटभर पाण्यासाठी दुसऱ्याच्या ओंजळीकडे बघावे लागे, त्या काळी स्वतःच्या अंगणातले पाणी खुले करणे मला तितकेच मोठे वाटते.

महापालिकेकडे मागणी साधी आहे. जिथे हौद होता तिथे एक पाटी लावावी. ती पेशव्यांच्या दूरदृष्टीपाशी थांबू नये. त्या हौदावर कोणाला पाणी भरता येत नव्हते, हेही तीवर लिहावे. दुसरे, मध्यवस्तीत वर्षभर कुठे ना कुठे रस्ता खणलेला असतोच. खणताना जुने बांधकाम लागले, तर काँक्रीट ओतण्याआधी जाणकाराला बोलावून त्याची नोंद आणि छायाचित्रे ठेवावीत. ठेकेदाराची घाई समजू शकते, पण एका दिवसाने रस्ता पळून जात नाही.

आणि पाट्या लावाल तेव्हा माणसाच्या नजरेच्या उंचीवर लावा, दादा-भाऊंच्या वाढदिवसाच्या फ्लेक्समागे नको.

आपला,
एक वाचक, शुक्रवार पेठ, पुणे