चित्र नको, नकाशा विका

महोदय,

वेगवेगळ्या रंगांच्या लाकडाचे तुकडे कापून, घासून, शेजारीशेजारी बसवून उठावाचे चित्र करतात, ते इंटार्सिया. म्हैसूरच्या जडावकामात शिसवीत खोबण कोरून तुकडा बसवतात. इंटार्सियात खोबण नसते, तुकड्याला तुकडाच अडतो, त्यामुळे चूक लपत नाही. या कामाचे नमुने, म्हणजे फळीवर चिकटवून रेघांवरून कापायचे कागदी आराखडे, पीडीएफ करून घरबसल्या विकता येतात, हे कळले की कुठल्याही फोटोवर रेघा ओढून तो विकायला ठेवण्याचा मोह होतो. सोलापूरकरांना तरी हे वेगळे सांगायला नको. चादरीवरचा मोर कागदावर कितीही देखणा असला, तरी ग्राफची चौकट न् चौकट भरून कार्डे पंच झाल्याशिवाय तो मागावर चढत नाही.

नान्नजचा माळढोक पक्षी घ्या. टोपी शिसवीची, पाठ सागाची, मान शिवणीची. छातीवरचा काळा पट्टा फोटोत नाजूक दिसतो म्हणून 2 मिमीचा काढला, तर सहा सुती (पाऊण इंची) फळीत तो कापतानाच तुटतो. पट्टा किमान 5 मिमी ठेवावा आणि लाकडाच्या शिरा त्याच्या लांबीने धावतील असा बाण काढावा. पाय मोकळे सोडू नयेत; गवतात बुडवले की दोन्ही बाजूंचे तुकडे त्यांना टेकू देतात. डोळ्याचा गोल तर कापायला देऊच नये. फक्त मध्यबिंदू द्यावा, तिथे 6 मिमीचे भोक पाडून काळी गोल दांडी ठोकता येते.

दोन तुकड्यांमध्ये रेघ एकच हवी, तीही 0.3 मिमीच्या आसपास. इंकस्केपसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये हे सहज जमते. रेघ 1 मिमी जाड असली, तर एका तुकड्याला करवत आतल्या कडेने जाते, दुसऱ्याला बाहेरच्या, आणि आठ-दहा तुकड्यांनंतर शेवटचा बसतच नाही. चार तुकड्यांचे कोपरे एका बिंदूत आणणे हीही नवख्याची खूण. चारही टोके तिथे कधीच नीट मिळत नाहीत. एक रेघ थोडी सरकवून तीन-तीनचे दोन सांधे करावेत.

शेजारच्या दोन तुकड्यांची रेघ सामाईक असल्याने दोन्ही एकाच प्रतीतून कापले, तर एकाची रेघ जाते. म्हणून ‘चार-पाच प्रती काढा, एक मूळ प्रत जपून ठेवा’ असे नमुन्यावर ठळक लिहावे. सगळ्या प्रती एकाच यंत्रावर काढाव्यात, हेही. झेरॉक्सवाल्याकडे ‘फिट टू पेज’ राहिले, की मोर पाच टक्क्यांनी आखडतो. त्यात एखादी प्रत दुसऱ्या दुकानातून आणली, तर पिसे मानेला लागत नाहीत. प्रत्येक पानावर 100 मिमीची पट्टी छापली की गिऱ्हाईक फूटपट्टी लावून लगेच ताडून पाहील. मोठा नमुना ए-फोर पानांवर तोडताना पाने 10 मिमी एकमेकांवर यावीत आणि जुळवणीच्या खुणा असाव्यात.

परदेशी नमुन्यांत ‘वेस्टर्न रेड सीडर’ लिहिलेले असते. आपल्या वखारीत ते मागून पाहा! झाडाचे नाव लिहिण्यापेक्षा गडद, मध्यम, फिकट, पांढरट अशी छटा द्यावी, म्हणजे सोलापुरातला माणूस साग, हळदू घेईल आणि बाहेरचा त्याच्याकडचे.

आता उंची. पंधराव्या शतकातले इटलीतले काम सपाट होते, आजचे हौशी काम उठावाचे आहे. म्हणून कोणता तुकडा 3 मिमी प्लायच्या आधाराने वर उचलायचा आणि कोणता घासून खाली न्यायचा, हे आकड्यात सांगावे. पाठीमागची 6 मिमी प्लाय बाह्यरेषेपेक्षा 3 मिमी आत कापायला सांगावी, नाहीतर ती कडेने डोकावते. शिरांच्या आडव्या दिशेने 100 मिमीपेक्षा रुंद तुकडा आखूच नये. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लाकूड आकसते, पावसाळ्यात फुगते. असा तुकडा प्लायवर पक्का चिकटवला की फटी पडतात, कधी तडाही जातो.

विकण्याआधी नमुना स्वतः एकदा कापावा. आणि तयार कामाचाच फोटो लावावा, संगणकावर रंगवलेला नाही. किती तुकडे, किती छटा, कोणत्या क्रमांकाचे पाते (साधारण 5 किंवा 7) हे पैसे घेण्याआधी दिसले पाहिजे.

शेवटी फोटोचा प्रश्न, कारण तिथेच सगळ्यात जास्त बेफिकिरी आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार सपाट कलाकृतीचे त्रिमित रूप करण्याचा हक्कही तिच्या हक्कधारकाचाच असतो. इंटरनेटवरचा माळढोक ट्रेस करून विकायचा, तर त्या फोटोच्या हक्कधारकाची, बहुधा तो टिपणाऱ्याची, लेखी परवानगी हवी. तसेच नमुना घेणाऱ्याला त्यावरून केलेली वस्तू विकता येईल का, किती नग, हे पहिल्याच पानावर लिहावे. पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरणारच. प्रत्येक पानाच्या तळाशी गिऱ्हाइकाचे नाव छापले, तर निदान पुढे पाठवताना हात आखडेल.

— लाकूडकाम करणारे काही वाचक, सोलापूर