सूचना : हळद अडत्यांच्या मुलाखती

केस स्टडी गटातील सर्व सदस्यांसाठी : शनिवारी सांगली मार्केट यार्डात सौदे संपल्यावरच मुलाखती घ्यायच्या. बोली चालू असताना कुणालाही अडवू नये, तो त्यांच्या कमाईचा वेळ असतो.

सांगलीच्या हळदीला मिळालेलं २०१८ चं भौगोलिक मानांकन (जीआय) आणि हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं, यांबद्दल आधी वाचून या. “२००५ च्या पुरानं काय झालं?” असं मोघम विचारू नका. पेवात पाणी शिरल्याचं कधी कळलं, माल कुणाचा होता, पुढचा निर्णय कुणी घेतला, असं विचारा आणि गप्प बसा. जुनी माणसं थांबून थांबून बोलतात. मध्ये तोंड घालू नका, खरी माहिती तिथेच मिळते.

रेकॉर्डिंगला आधी परवानगी. उधारीचे आकडे त्यांना विचारल्याशिवाय छापायचे नाहीत. टिपणं त्याच रात्री उतरवा.