‘आजाराला कंटाळून’ म्हणजे नेमके कशाला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘आजाराला कंटाळून जीवन संपविले’ ही चार ओळींची बातमी मराठी दैनिकांना नवी नाही. गावाचे नाव, वय, ‘पोलिसांत आकस्मिक मृत्यूची नोंद’ आणि पूर्णविराम. पंचनाम्यातले हे दोन शब्द जसेच्या तसे छापले जातात आणि पुढचे प्रश्न तिथेच मिटतात. किडनीचा, कॅन्सरचा, अर्धांगवायूचा रुग्ण होता ना, मग दुसरे काय होणार, असे वाचणारा धरून चालतो. तोच आजार असलेला रुग्णही ती बातमी वाचत असतो, हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यांपैकी १८.४ टक्क्यांपुढे ‘आजार’ हे कारण आहे. कौटुंबिक समस्यांनंतर हाच रकाना मोठा. त्यात कॅन्सर, अर्धांगवायू आणि इतर जुनाट दुखणी आहेत, तसे मानसिक आजारही आहेत. शरीराचे दुखणे आणि त्यापायी आलेले नैराश्य या रकान्यातून वेगळे काढता येत नाही. उपचार करताना मात्र ते वेगळे काढावेच लागते.

डायलिसिसचेच घ्या. आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, दर वेळी चार तास. पाणी किती, तर आदल्या दिवशी जेवढी लघवी झाली तेवढे अधिक साधारण अर्धा लिटर. त्यातच चहा, ताक, आमटीचे पाणी आणि कलिंगडाची फोडसुद्धा मोजायची. मे महिन्यात घरी पाहुणे आले की त्यांच्यापुढे तांब्या-भांडे ठेवायचे आणि आपण बर्फाचा खडा चघळायचा. रात्री अंगाला खाज, पायांना चळवळ, त्यामुळे झोप नाही. हिमोग्लोबिन आठवर, म्हणून जिना चढवत नाही. डायलिसिस सरकारी योजनेतून मोफत झाले तरी गाडीभाडे आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी घरचीच. ‘कंटाळा’ म्हणतात तो एवढा सगळा असतो, आणि यातल्या बहुतेक गोष्टींवर काही ना काही इलाज आहे. खाजेसाठी फॉस्फरस तपासता येतो, रक्तासाठी लोह आणि एरिथ्रोपोएटिनची (रक्त वाढवणाऱ्या औषधाची) इंजेक्शने आहेत, पायांच्या चळवळीवर औषध आहे. रुग्ण सांगत नाही, कारण त्याला कुणी विचारत नाही.

हे सारे बाजूला काढूनही जे उरते ते नैराश्य असू शकते. ते ओळखताना एक चूक हमखास होते. थकवा, भूक मंदावणे, झोप उडणे ही लक्षणे किडनीच्या आजारातही असतात, म्हणून नातेवाईक आणि डॉक्टर सगळे आजाराच्या खात्यावर टाकून मोकळे होतात. त्यापेक्षा मागच्या दोन आठवड्यांबद्दल दोन प्रश्न विचारावेत. पूर्वी आवडायच्या त्या गोष्टींत रस वाटेनासा झाला आहे का? मन उदास, निराश असते का? उत्तर ‘कधीच नाही’ असेल तर शून्य, ‘जवळजवळ रोज’ असेल तर तीन, मधल्या उत्तरांना एक किंवा दोन. दोन्हींची बेरीज तीन किंवा जास्त झाली, तर पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची पूर्ण यादी घ्यावी. यादीतला नववा प्रश्न मरणाच्या विचाराचा आहे. बाकी बेरीज कितीही कमी असो, त्या प्रश्नाला ‘कधीच नाही’ सोडून दुसरे कुठलेही उत्तर आले तर त्याच दिवशी रुग्णाशी बोलले पाहिजे.

हे विचारायचे कुणी? किडनीतज्ज्ञांना दर रुग्णामागे मिळतात पाच मिनिटे. तंत्रज्ञ आणि परिचारिका त्याच रुग्णाला महिन्यातून आठ ते तेरा वेळा भेटतात. महिन्यातून एकदा त्यांनी हे दोन प्रश्न विचारले तरी पुष्कळ झाले. मात्र शेजारच्या खाटेवर ऐकू जाईल असे नको, आणि शेवटच्या तासात नको. तेव्हा रक्तदाब उतरलेला असतो आणि माणूस गळून गेलेला असतो.

‘जीव द्यावा असे मनात येते का?’ हे सरळ याच शब्दांत विचारावे. विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. उत्तर ‘हो’ आले की घरचे लगेच म्हणतात, ‘असे बोलू नये, पोरांकडे बघ.’ ज्याला आपण पोरांवर ओझे झालो असे वाटते आहे, त्याला पोरांकडेच बघायला सांगून काय होणार? आधी पूर्ण ऐकून घ्यावे. मग विचारावे: कसे, ते ठरवले आहे का? साधन हाताशी आहे का? कधी, ते ठरले आहे का? यातले एकही उत्तर ‘हो’ असेल, तर माणसाला एकटे न सोडता त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठावा.

जुनाट आजाराच्या घरात औषधांचा साठा मोठा असतो. आठवड्यापुरत्या गोळ्या डब्यात ठेवाव्यात, बाकी दुसऱ्या कुणाकडे द्याव्यात. शेतीची औषधे राहत्या घरात नकोतच. टोकाची ऊर्मी पुष्कळदा थोडाच वेळ टिकते. साधन लांब असले तर तो वेळ निघून जातो. हे रुग्णाला सांगून करावे, लपवून केले तर विश्वास जातो. रुग्णालयातून घरी सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे जास्त जोखमीचे, म्हणून पुढची भेट आठ दिवसांच्या आतली घ्यावी.

औषधांबद्दलही थोडे. प्रत्यारोपणानंतरची स्टेरॉइड्स, फिटसाठीचे लेव्हेटिरासिटाम, औषधाला दाद न देणाऱ्या क्षयरोगातले सायक्लोसेरिन यांनी मन बिघडू शकते. अशा वेळी डॉक्टरांना कळवावे, स्वतःहून बंद करू नये; स्टेरॉइड एकदम थांबवणे तर धोक्याचेच. नैराश्यावरच्या गोळ्यांना गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आठव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून त्या सोडणारे थोडे नाहीत. किडनी विकारात काही गोळ्यांची मात्राही बदलावी लागते, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना सगळ्या चिठ्ठ्या सोबत न्याव्यात.

प्रयत्न फसला तर पोलिसांच्या धाकाने तो लपवला जातो. मानसिक आरोग्य काळजी कायदा, २०१७ चे कलम ११५ अशा व्यक्तीला तीव्र ताणाखाली धरते आणि उपचार, पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकते. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे जुने कलम ३०९ ही १ जुलै २०२४ पासून राहिलेले नाही.

आत्महत्येच्या वार्तांकनाबाबत जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांवर आधारलेली नियमावली प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये स्वीकारली आहे. ती पाळून आपल्या बातम्यांतून ‘आजाराला कंटाळून’ काढावे, पद्धतीचे वर्णन टाळावे आणि खाली चौकटीत १४४१६ हा ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक छापावा. तो मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो. भाषा निवडताना मराठी सांगता येते. फोनवर आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, गरज पडली तर पुढे तज्ज्ञांकडे जोडून देतात. रुग्णाच्या घरच्यांनीही त्यावर फोन करावा.

आपले,
डायलिसिस विभागांत काम करणारे काही समाजसेवा अधीक्षक आणि समुपदेशक