विमानपण विनावाहक करायचं का?

मा. संपादक, स.न.वि.वि.

विमानात ऑटोपायलट सगळं करतो मग दोन दोन पायलट कशाला, असं आता आमच्या कट्ट्यावरपण बोलायला लागलेत. मी 22 वर्षं बसमध्ये कंडक्टर होतो, विमानातलं मला काय कळतंय म्हणाल, पण दुसरा माणूस कशाला असतो ते कळतं. गाडी मागं घेताना आपण खाली उतरायचं, मागं उभं राहून शिट्टी द्यायची. एकदा मी वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद, जुळवत सीटवरच बसलो, ड्रायव्हरला वाटलं मी उतरलोय, आणि मागचा बंपर धाडकन खांबाला. माणसं दोन होती, मागं बघणारा एकपण नव्हता.

1972 च्या 29 डिसेंबरला न्यूयॉर्कहून मायामीला चाललेल्या ईस्टर्न या अमेरिकन कंपनीच्या 401 नंबरच्या विमानात हेच झालं, फक्त तिथं कॉकपिटमध्ये चार जण होते. उतरायच्या वेळी पुढचं चाक नीट खाली आल्याचा हिरवा दिवा लागेना. 2000 फुटांवर ऑटोपायलट लावला आणि कॅप्टन अन् को-पायलट दोघंही त्या एवढ्याशा बल्बच्या मागं लागले, तो काढला तर परत बसवताना वाकडा अडकला, इंजिनिअर चाक बघायला खाली भोकात उतरला, चौथा त्याच्या मागं. तेवढ्यात कुणाचा तरी धक्का कंट्रोलला लागला असावा, ऑटोपायलटचं उंची धरून ठेवणं सुटलं आणि विमान गुपचूप खाली यायला लागलं. उंची सुटल्याची घंटीसुद्धा टिंग करून वाजली, कुणी दखल घेतली नाही. बाहेर दलदलीचा काळाकुट्ट अंधार. 176 पैकी 101 माणसं गेली. चाक नीट खाली आलेलं होतं, बल्ब तेवढा उडालेला!

आमच्या गाडीत 'वाहनचालकाशी बोलू नये' अशी पाटी असते ना, तसा नियम विमानात 1981 मध्ये आला, अमेरिकेत. 10,000 फुटांच्या खाली कामाशिवाय गप्पा नाहीत. त्याआधी 1974 ला तिथल्याच शार्लट शहरात उतरताना पायलट राजकारण आणि जुन्या गाड्यांवर बोलत होते आणि विमान धावपट्टीच्या अलीकडेच पडलं.

आणि वरती, निवांत उडताना काय? 2014 च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून ब्रसेल्सला चाललेलं विमान तुर्कस्तानवर 5000 फूट खाली आलं. कॅप्टन झोपलेला, तेही नियमाप्रमाणेच, आलटून पालटून डुलकी घ्यायला परवानगी असते. को-पायलट टॅबलेटमध्ये. खालून कंट्रोलवाल्यांनी विचारलं तेव्हा कळलं. आता सांगा, एकच माणूस जागा असला की काय होतं ते बघायला वेगळा प्रयोग करायची गरज आहे का? तरी लांबच्या उड्डाणात मधल्या वेळेला एकच पायलट ठेवायचा विचार काही वर्षं चालू होता, युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने 2025 मध्ये आत्ता तेवढी सुरक्षितता दाखवता येत नाही असं सांगितलं म्हणून बरं.

पण नुसते दोन बसवूनही भागत नाही हो, 401 मध्ये चार होते. एकाने विमान चालवायचं, दुसऱ्याने त्याच्यावर आणि काट्यांवर लक्ष ठेवायचं अशी वाटणी आता असते, पण काही बिघडलं की दोघंही बिघाडाकडेच धावतात. तेव्हा कॅप्टनने तोंडाने सांगायला पाहिजे, तू बल्बकडे बघूसुद्धा नकोस. त्या खांबानंतर मी शिट्टी दिल्याशिवाय आमचा ड्रायव्हर रिव्हर्सच टाकायचा नाही, वेबिल अर्धवट राहिलं तरी चालेल म्हणायचा.

आपला एक वाचक,
निवृत्त कंडक्टर, सातारा